कामगंध

नानांच्या कपाशीतल्या सापळ्याची पिशवी मोकळी करायचं काम त्यांच्या नातीचं. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुडा नजरेच्या टप्प्यात येतो तिथे त्यांचं शेत. काळी जमीन, ठिबकवरची कपाशी, आणि पिकाच्या शेंड्याहून वीतभर वर, काठीला बांधलेले प्लास्टिकचे कामगंध सापळे. वर झाकण, झाकणाच्या आत अडकवलेली रबराची गोळी, मध्ये नरसाळं, खाली लोंबणारी लांबट पिशवी. सकाळी दव वाळायच्या आत ती पोर पिशवीचं तोंड सोडते, गुलाबी बोंडअळीचे मेलेले करडे नर पतंग वहीच्या पुठ्ठ्यावर पसरते आणि बोटाने सरकवत मोठ्याने मोजते. नाना बांधावर बसून तो आकडा खिशातल्या डायरीत टिपतात. सलग 3 रात्री एका सापळ्यात 8-8 पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, असा हिशेब कृषी खात्याच्या लोकांनी सांगितलेला. नाना तो काटेकोर पाळतात. गेल्या सप्टेंबरात मी गेले होते तेव्हा पोरीने मोजता मोजता मध्येच ती रबराची गोळी नाकाशी नेली. वास आला नाही म्हणून माझ्या हातात दिली. मलाही आला नाही. "याच्यात बाई ऱ्हास का?" तिने विचारलं. बाई नाही, नुसता तिचा वास असतो, मी सांगितलं. ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग नाना, याले कोनी फसाडं?"

"आपन," नाना म्हणाले, आणि आकडा लिहिला.

एसटीने जळगावला परतताना तेच डोक्यात घोळत होतं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हा सापळा कसा चालतो ते फळ्यावर कितीदा तरी काढून दाखवलं आहे. पण कोणाबद्दल 'तो फसला' असं म्हणता येतं, हा त्या पोरीचा प्रश्न फळ्यावरच्या आकृतीत मावणारा नव्हता. विहिरीत पडलेला दगड फसलेला नसतो. तापीला पूर येतो, ती काठ कापते, पात्र बदलते, पण तापी फसली असं आपण म्हणत नाही. पतंग फसला असं म्हणताना आपण नकळत खूप काही कबूल करून बसतो: की त्याला काही हवं होतं, त्यासाठी तो कशावर तरी भरवसा ठेवून निघाला होता, आणि तो भरवसा खराही ठरू शकला असता.

त्या गोळीत काय असतं ते 1973 साली अमेरिकेत उलगडलं. एकाच रसायनाची दोन रूपं, निम्मी-निम्मी. मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून हा वास रात्री सोडते, आणि तोही इतका थोडा की मोजायला ग्रॅमचे अब्जांश करावे लागतात. दोन रूपांचं प्रमाण बिघडलं तर नराची ओढ कमी होते; हा वास आपल्याच जातीच्या मादीचा आहे याची खूण त्या प्रमाणात असते. आणि यातला मला सगळ्यांत आवडणारा भाग पुढेच आहे. वास नराला फक्त इतकंच सांगतो की ती आहे. कुठे आहे ते वास सांगत नाही, ते वारा सांगतो. वासाची झुळूक मिशांना लागली की नर वारा येतो त्या दिशेने पुढे उडतो. झुळूक तुटली की पुढे जाणं सोडून आडवा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे उडत राहतो, पुन्हा सापडेपर्यंत. एक बातमी रसायनाची, दुसरी वाऱ्याची; नखाएवढ्या जिवाच्या डोक्यात दोन्ही एकत्र येतात आणि काळोखात एक दिशा तयार होते. मादी त्याने पाहिलेली नाही. ती अजून चार ओळी पलीकडे, कुठल्या तरी पानाआड आहे. जे समोर नाही त्याच्यासाठी तो आत्ता पंख हलवतो आहे. हे शिकवताना माझ्या अंगावर आजही शहारा येतो, आणि त्याच वेळी नानांच्या घरातला गेल्या वर्षीचा कवडी कापूसही डोळ्यांसमोर येतो, अळीने खाल्लेला, पिवळा पडलेला, व्यापाऱ्याने हातात घेऊन परत टाकलेला. दोन्ही भावना एकत्र नांदतात. एकीने दुसरीला घालवून द्यावं असं मला वाटत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. बांधावरचा काळा दगड असा तापतो की हात ठेववत नाही. त्याच बांधाला लागून केळीची बाग असेल तर दुपारी बारा-एकच्या सुमाराला आत जाऊन बघा. केळीची पानं मधल्या शिरेपासून दोन्ही अंगांनी खाली मिटलेली असतात. संध्याकाळी ऊन उतरलं की परत पसरतात. शिरेलगतच्या पट्ट्यातल्या पेशींमधलं पाणी कमी-जास्त होतं आणि पान मिटतं किंवा उघडतं, त्यात गूढ काही नाही. लहानपणी मी बागेत दुपारी पाणी धरायला जायची तेव्हा ही मिटलेली पानं पाहून बाग आजारी पडली असं वाटायचं. आता वाटतं, दगडावर आणि पानावर ऊन एकच पडतं. दगडात ते नुसतं मुरतं. केळीसाठी तेच ऊन पुढच्या तासाभरात लागणाऱ्या तहानेची बातमी असतं. पान तहानेने वाळायच्या आधी मिटतं, हा 'आधी' मला फार महत्त्वाचा वाटतो. ऊन स्वतः बातमी नाही. कोणी तरी वाळून जाऊ शकतं म्हणून ते बातमी होतं. दगडाकडे गमावण्यासारखं काही नाही, म्हणून त्याच्यापर्यंत कुठलीच बातमी पोचत नाही.

हे केळीपाशी किंवा पतंगापाशी सुरू होत नाही, कितीतरी खालून सुरू होतं. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा. इतक्याशा अंगाच्या दोन टोकांना साखर किती कमी-जास्त आहे हे त्याला भरवशाने कळणं अवघड, म्हणून तो वेळेची मदत घेतो. थोडा सरळ पोहतो आणि आत्ताच्या चवीची काही सेकंदांपूर्वीच्या चवीशी तुलना करतो. बरं चाललं असेल तर सरळ जात राहतो. नसेल तर गिरकी घेऊन भलत्याच दिशेला लागतो. ना मेंदू, ना नस, पण काही सेकंदांची आठवण आहे, ग्राही प्रथिनांवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या छोट्या रासायनिक खुणांमध्ये ठेवलेली. ज्युलियस अॅडलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1969 साली याच जिवाणूवर एक गोष्ट दाखवली. पचवता येणार नाहीत, ज्यांतून काहीच मिळणार नाही, पण घडण साखरेशी मिळतीजुळती आहे अशा रेणूंकडेही हे जिवाणू पोहत जातात. त्यांना साखर मिळत नसते, साखरेची खूण मिळत असते. एरवी ती खूण खरी निघते. म्हणजे नानांच्या नातीने विचारलेला प्रश्न एका पेशीलाही विचारता येतो.

दगड कधीच चुकत नाही.

माहिती मोजायचं गणित क्लॉड शॅनन यांनी 1948 साली मांडलं, आणि आज आपल्या खिशातला प्रत्येक फोन त्या गणितावर चालतो. संदेशाचा अर्थ काय याच्याशी आपल्या मोजमापाला देणंघेणं नाही, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. तारेतून किती गेलं एवढंच मोजायचं होतं, आणि तारेसाठी ते पुरेसं होतं. पण जीवशास्त्रात तेच गणित उचलून आणताना आपण फार पटकन म्हणून टाकतो की जीव म्हणजे डीएनएमध्ये लिहिलेली माहिती. मला हे अपुरं वाटतं. केळीच्या रानटी पूर्वजाचा जनुकीय मजकूर 2012 साली वाचून झाला, 52 कोटींच्या आसपास अक्षरं. ती संगणकात आहेत, कुठूनही उतरवून घेता येतात. तिथे ती अक्षरं काहीही करत नाहीत. त्यांना वाचणारी पेशी लागते; आणि पेशी वाचते ती अर्ध्यातच, हवं तेवढं, ऊन किती आहे, पाणी किती आहे, शेजारच्या पेशीने काय कळवलं ते बघून. आमच्या रावेर-यावल-चोपड्याच्या बागांमधली जी-नाईन केळी तर बीही धरत नाही. कंदाच्या कडेला फुटलेलं पिल, नाहीतर प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेलं रोप; एकच मजकूर नकलून नकलून लाखो झाडांत गेलेला. तरीही मृगबाग आणि कांदेबाग सारखी येत नाही. पावसाळ्यात पाय रोवलेलं झाड आणि थंडीच्या तोंडावर लावलेलं झाड तोच मजकूर वेगळ्या ऋतूत वाचत असतं.

नुसता मजकूर, वाचणारा नाही, अशी एक गोष्ट आमच्या बागांमध्ये दर पावसाळ्यात येते. तिला आमच्याकडे हरण्या म्हणतात. पुस्तकात कुकुंबर मोझॅक व्हायरस. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा कुजतो, झाड खुजं राहतं, आणि उपटून लांब नेऊन नष्ट करण्याखेरीज इलाज नाही. महिन्या-दोन महिन्यांची रोपं ओळीच्या ओळी उपटणारी माणसं मी पाहिली आहेत. कोणी कोणाशी बोलत नसतं. हा विषाणू म्हणजे सुमारे साडेआठ हजार अक्षरांचा आरएनए आणि वर प्रथिनाचं कवच. तो खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. केळीच्या पेशीने त्याची अक्षरं स्वतःचीच समजून वाचावीत, एवढ्यावर त्याचं सगळं चालतं. झाडाकडून झाडाकडे त्याला नेतो मावा. आणि इथे पुन्हा तीच गोष्ट. भोपळ्याच्या जातीच्या झाडांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात 2010 साली असं आढळलं की विषाणू लागलेलं झाड नेहमीपेक्षा जास्त वास सोडतं. मावा त्या वासाने ओढला जातो, सोंड खुपसतो, रस बेचव लागतो, आणि तो उठून दुसऱ्या झाडाकडे जातो. सोंडेला विषाणू घेऊन. चांगल्या झाडाच्या वासावर माव्याने ठेवलेला भरवसा एका निर्जीव-सजीवाच्या सीमेवरच्या मजकुराने वापरून घेतला. केळीच्या बांधावर काकडी, भोपळा, दोडके लावू नका असं जे सांगतात त्यामागे हाच विषाणू आहे; त्याला या वेलींवरही राहता येतं.

माझी आजी, तिला आम्ही माय म्हणायचो, ज्वारीच्या रानात टारफुला उपटायची. ज्वारीच्या बुडाशी उगवणारं, बारीक पांढऱ्या फुलांचं, दिसायला निष्पाप रोप. त्याची मुळं ज्वारीच्या मुळांत घुसलेली असतात. ज्वारी पाणी असूनही वाळते, दाणा भरत नाही. माय म्हणायची, हे रान सोडून जात नाही, कितीही उपटा. तिचं खरं होतं. टारफुल्याचं बी धुळीच्या कणासारखं असतं आणि जमिनीत दहा वर्षांहून अधिक पडून राहू शकतं. पाऊस पडला, ऊब आली, तेवढ्याने ते उगवत नाही. जवळून एखादं मूळ जातंय याची खबर लागली तरच उगवतं, कारण उगवल्यावर थोड्याच दिवसांत मूळ सापडलं नाही तर ते मेलंच. ही खबर म्हणजे मुळांतून पाझरणारं एक रसायन, अतिशय थोड्या प्रमाणात. ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं गेलं 1966 साली, आणि कशाच्या मुळांतून? कपाशीच्या. टारफुला कपाशीवर जगूच शकत नाही. कपाशीच्या मुळाशी त्याचं बी उगवतं, आधार शोधतं, मिळत नाही, संपतं. ज्वारीनंतर कपाशी घेतली तर टारफुला कमी होतो, हे याच कारणाने. मायला हे रसायन माहीत नव्हतं, पण फेरपालट तिच्या पिढीने सोडली नव्हती.

मग मुळं असं रसायन सोडतातच कशाला, शत्रूला जागं करणारं? हे कोडं जवळजवळ चाळीस वर्षं उघडं होतं. 2005 साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ही साद बुरशीसाठी असते. मातीतली एक मित्र-बुरशी या रसायनाने फांद्या फोडते, मुळांत शिरते आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते. बदल्यात साखर घेते. झाडाला स्फुरद कमी पडलं की साद वाढते. घरच्या माणसाला मारलेली हाक वाटेवरच्या चोराने ऐकावी तसं टारफुल्याने ते ऐकलं. कपाशीच्या मुळाशी तोच चोर फसतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा काळ्या जमिनीकडे बघण्याची माझी नजर बदलली. औताच्या फाळाखाली, आपल्या पायाखाली हाका चालू आहेत. कोणी साद घालतंय, कोणी चोरून ऐकतंय, कोणी चुकीच्या हाकेला ओ देऊन मरतंय. यातल्या कशालाच जाणीव नसेल. मी तसा दावा करत नाही. पण प्रत्येक ठिकाणी एक खूण आहे, खुणेपलीकडची वस्तू आहे, आणि दोन्हींत अंतर आहे. वस्तू हाती येईपर्यंत थांबणं परवडत नाही म्हणून जीव खुणेवर चालतो. टारफुल्याला मुळाचा स्पर्श होईपर्यंत थांबता येत नाही, केळीला तहान लागेपर्यंत थांबता येत नाही, नराला मादी दिसेपर्यंत थांबता येत नाही. या अंतरामुळेच फसणं शक्य होतं, आणि याच अंतरामुळे जगणंही.

आता परत अळीकडे. गुलाबी बोंडअळीची पहिली शास्त्रीय नोंद 1843 ची आहे, आणि ती आपल्या शेजारच्या भडोचच्या कपाशीवरची. म्हणजे आपल्या मुलखात ही जुनीच. 2002 साली बीटी कपाशी आली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं; त्यापासून बनणारं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटतं आणि आतडं फुटतं. सुरुवातीची वर्षं नाना आजही हळव्या आवाजात आठवतात. फवारे कमी झाले, बोंडं भरली. मग गुजरातेत प्रतिकार करणाऱ्या अळ्या सापडल्या, आणि 2017 ला आमच्याकडे, विदर्भात, सगळीकडे बोंडं फोडली की आत गुलाबी अळी. नानांनी त्या वर्षी उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर घातला. लोक म्हणाले, अळी हुशार झाली. एकही अळी हुशार झालेली नव्हती. आतड्यातलं ते प्रथिन जिच्यात आधीपासूनच थोडं वेगळं होतं ती वाचली, बाकीच्या मेल्या, वाचलेलीची पोरं वाढली. जिवाणू काही सेकंदांची आठवण ठेवतो; जात अशी आठवण ठेवते, आणि तिची शाई म्हणजे न वाचलेल्यांची मरणं. बीटी शेतात आहे, ही बातमी एकाही अळीला कळली नाही आणि सगळ्या जातीला कळली. मला या वाक्याची भीतीही वाटते आणि ते सुंदरही वाटतं.

ही अळी आणखी एक बातमी वाचते. आमच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा पुढे, सर्वांत लहान अकरा तासांच्या थोडा आत. जेमतेम अडीच तासांचा फरक. बोंडाच्या आत सरकी खात बसलेल्या अळीला, हिरव्या सालीतून झिरपणाऱ्या उजेडावरून, दिवस आखूड होत चालल्याचं कळतं. रात्री गार होत जातात तशी ती कोष करायचं लांबवते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवते आणि त्यांच्यात पडून राहते, महिनोन्‌महिने. थंडी अजून आलेली नसते. पुढे कपाशी संपणार आहे, हे तिने पाहिलेलं नसतं. तिच्या आईनेही बहुतेक पाहिलेलं नसतं. मग उन्हाळा सरताना ऊब आणि ओल मिळाली की पतंग बाहेर पडतात. त्यांच्या दृष्टीने ओल म्हणजे पाऊस, पाऊस म्हणजे कपाशी. पण रानात त्या वेळी कळ्या-फुलं नसतील तर अंडी घालायला जागा नसते आणि ते तसेच मरतात. म्हणून जूनच्या आधी कपाशी लावू नका असं सांगतात, आणि डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे जुन्याच कपाशीला पाणी देऊन लांबवलेलं पीक, ठेवू नका असंही. अळीचं पंचांग बरोबर आहे. आपण फक्त पीक त्या पंचांगातून सरकवायचं. आणि मे महिन्यात ठिबकवर लावलेली पूर्वहंगामी कपाशी नेमकी त्या पतंगांसाठी फुलून तयार असते. डोमकळ्या तिथेच पहिल्यांदा दिसतात, न उमलता पाकळ्या पिळून घेतलेल्या कळ्या. बोटाने सोडवली की आत ती.

पतंगाला मूर्ख म्हणणारे भेटतात तेव्हा मला नानांच्या मधल्या खोलीतला कापूस आठवतो. 2022 च्या उन्हाळ्यात कापसाचा भाव क्विंटलला 12,000 पर्यंत गेला होता. ज्यांनी थांबून विकला त्यांचं भलं झालं. पुढच्या हंगामात सगळ्यांनी कापूस घरात भरून ठेवला, नानांनीही. 8,000 च्या आसपास भाव होता, मागच्या वर्षीसारखा उन्हाळ्यात चढेल अशी खात्री. खोली छतापर्यंत भरली, लहान मुलांच्या अंगाला खाज सुटली, काकू रात्री अंगणात झोपायला लागल्या. भाव चढला नाही, उतरला. मोबाईलवर रोज कोणी तरी पाठवायचं की अमुक तारखेनंतर तेजी आहे. शेवटी पेरणीला पैसे हवेत म्हणून नानांनी विकला. मागच्या वर्षाची खूण चोख होती, तिच्यावर चालणं शहाणपणाचंच होतं. खुणेमागची वस्तू तेवढी या वर्षी नव्हती. त्यांच्यापाशी वाऱ्याची दिशा सांगणारी दुसरी बातमी नव्हती. शेतकऱ्याला भाव, पाऊस, बियाणं यांच्याबद्दल जी बातमी मिळते ती किती कच्ची असते, आणि तिच्यावर किती मोठं पाऊल टाकावं लागतं, याची आपल्याकडे कोणाला फिकीर नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. जीव खुणेवर चालतो हे एकदा समजलं की खोटी खूण पसरवणं हा किती मोठा अपराध आहे तेही समजायला हवं.

सापळ्याबद्दल मात्र माझं मन अजून एका बाजूला झुकत नाही. फवाऱ्यापेक्षा तो कितीतरी बरा. त्यात एकाच जातीचे पतंग येतात. मधमाशी, ढालकिडा, कोळी, कोणालाही त्या वासाची खबर नसते. आता याच वासाचं मलम किंवा दोऱ्या सगळ्या शेतात लावायची पद्धत आली आहे. मारायचं कोणालाच नाही, वास इतका सगळीकडे भरून ठेवायचा की त्यातून मादी वेगळी ओळखता येऊ नये. अमेरिकेने बीटी, मुद्दाम वांझ करून सोडलेले पतंग आणि हा वास एकत्र वापरून 2018 साली आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. खूण नाहीशी करायला ती पुसावी लागत नाही, सर्वत्र पसरली तरी पुरतं. नानांना ही पद्धत पटली, पण तिचा खर्च ऐकून त्यांनी डायरी मिटली.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "बेटा, यंदा मेमध्ये लावू का थांबू?" मी पतंगांचं सगळं सांगितलं, ऊब, ओल, फुलांशिवाय मरणारे ते पहिले पतंग. नाना शांतपणे ऐकून घेतात, मग आपली अडचण सांगतात. मेमध्ये लावली तर दिवाळीला पहिली वेचणी हातात पडते, रान लवकर मोकळं होऊन हरभरा घेता येतो. आणि ते एकटे थांबून उपयोग काय? पतंगाला बांध कळत नाही. शेजाऱ्याची कपाशी जूनअखेर फुलावर आली तर त्या पहिल्या पतंगांची सोय तिथे होईल आणि त्यांची पोरं ऑगस्टात नानांच्याकडे येतील. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे. थांबायचं तर सगळ्या शिवाराने थांबायला हवं. "देखू," नाना म्हणाले. लागून असलेल्या तिन्ही शेतांच्या मालकांशी ते बोलून आले आहेत. दोघे पावसापर्यंत थांबायला तयार आहेत. तिसऱ्याच्या विहिरीला या वर्षी भरपूर पाणी आहे आणि त्याने ठिबकच्या नळ्या पसरायला घेतल्या आहेत.